शेवटचे चौदा कागद

११ जून

वन्सं, नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. चार महिन्यांनी तुमचं अक्षर दिसलं, तेव्हा मजकूर न वाचता आधी नुसती अक्षराकडेच बघत बसले. मग वाचलं. ‘खंड्याचे शेवटचे चौदा कागद मी जेवायच्या टेबलावर काचेखाली ठेवले आहेत. रोज त्याच्यासोबत जेवते. मला एवढं पुरे. तुझ्याशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. पत्र पाठवू नकोस.’

तरी पाठवतेय. फाडा, चुलीत घाला, पण पाठवतेय. तुम्ही मला आजवर किती वेळा म्हणालात, ‘ऐकत जा गं जरा.’ मी ऐकणाऱ्यातली असते तर तुमच्या भावाशी लग्न केलं नसतं.

यांच्या आजाराचं तुम्हाला कळवलं नाही, हे खरं. सात महिने कळवलं नाही. तुमचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि यांनी मला शपथच घातली होती. म्हणाले, ‘ताईला कळलं तर ती टाके ओले असताना उठून येईल. मग या घरात दोन खाटा लागतील आणि तू एकटी.’ मी तोंड शिवून बसले. तुम्ही मला त्याबद्दल जन्मभर बोल लावलात तरी मला उलट बोलायला तोंड नाही.

कागद काचेखाली ठेवलेत हे वाचून बरं वाटलं. म्हणजे, बरं वाटलं असं लिहितेय.

माझं ठीक चाललंय. शिंपिणीच्या दुकानात काज-बटणांचं काम आहे तसंच आहे, खिडकीजवळची खुर्चीही तीच. यांची काटे दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी दारामागे टांगलेली आहे. दुकानदारांचे अजून फोन येतात, ‘काटा पंचवीस ग्रॅम जास्त दाखवतोय, मिस्त्रींना पाठवा.’ पहिल्या महिन्यात खरं सांगायची, मिस्त्री गेले म्हणून. मग समोरचा माणूस गडबडायचा, आणि त्याची समजूत मीच काढत बसायची. आता दुसऱ्या मिस्त्रींचा नंबर देते आणि फोन ठेवते.

तब्येत जपा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची भावजय


२ जुलै

वन्सं,

तुमचं काही उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंत.

एक सांगायचं आहे. आधी ते सांगते आणि कारणं नंतर देते, नाहीतर कारणांतच पान संपेल आणि मी सुटले म्हणून पाकीट बंद करेन. काचेखालचे चौदा कागद यांनी लिहिलेले नाहीत. मी लिहिलेत. अक्षरसुद्धा माझंच, त्यांच्यासारखं वळवून काढलेलं.

आता कारणं.

तुमचं पाकीट इकडे आलं की काय व्हायचं, ते तुम्हाला कधीच कळलं नाही. दर पंधरा दिवसांनी एक कागद, दहा अवघड इंग्रजी शब्द, प्रत्येकासमोर रिकामी ओळ, आणि खाली तुमचा नियम: वाक्य स्वतःच्या घरातलं आणि खरं घडलेलं हवं, शब्दकोशातलं उतरवलं तर शून्य. आईमागे तुम्ही यांना वाढवलंत, आणि यांनी आठवीतून शाळा सोडली ते तुमच्या मनाला लागून राहिलं, हे मला लग्नानंतरच कळलं होतं. पण चाळिशीतल्या भावाला पोस्टाने परत शाळेत घालणारी बहीण मी दुसरी पाहिली नाही. पाकीट उघडताना हे म्हणायचे, ‘आलं समन्स.’ मी म्हणायची, ‘फोनवर सांगा ना त्यांना, जमत नाही म्हणून.’ तर म्हणायचे, ‘फोनवर मी तिला गुंडाळतो, म्हणून तर ती कागद पाठवते.’

माझं काम शब्दकोश धरायचं, कारण यांच्या हाताला ग्रीस. मी सातवी पास, तीही कशीबशी. मी शब्द शोधायची, अर्थ वाचायची, हे म्हणायचे, ‘हं, पुढे.’ अर्थ त्यांना पाठ व्हायचा, पण वाक्य काही होईना. दहापैकी चार. दहापैकी साडेचार, आणि खाली तुमच्या लाल शाईत ‘घाई!’

मला मात्र ते शब्द सोडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात काज करताना तोंडात घोळत असायचे. हाताने काज करायला दहाएक मिनिटं लागतात, आणि शर्टाला काज सात. एका शर्टात एक शब्द नीट मावायचा. पहिल्या काजाला उच्चार, दुसऱ्याला अर्थ, मग त्याचे भाऊबंद, मग तो कुणाच्या पंगतीला बसतो आणि कुणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. हे शेवटचं शब्दकोशात सापडत नाही. त्यासाठी वाचावं लागतं. दुकानात शिवणाची जुनी इंग्रजी मासिकं ढिगाने पडलेली होती, ती चहाच्या सुट्टीत वाचायला लागले. बाह्या आणि कॉलर सोडून मी मागची पत्रं आणि गोष्टी वाचते हे बघून शिंपीणबाई म्हणाल्या, ‘मॅडम, एक बटण लावता का, की शिकवणी घेता आमची?’

मग एकदा काय झालं, बाजारातले तीन काटे एकदम बिघडले आणि यांना आठवडाभर उसंत मिळाली नाही. कागद तसाच पडलेला. मी गंमत म्हणून दहाच्या दहा वाक्यं पेन्सिलीने लिहिली. यांनी न वाचताच ती शाईने उतरवली आणि पाठवून दिली. तुमचं उत्तर आलं: ‘दहापैकी नऊ! शाब्बास खंड्या, उशिरा का होईना डोकं उघडलं. मी आज दोनदा वाचलं.’

ते वाचून यांचा चेहरा बघायला हवा होतात. म्हणाले, ‘आता?’

मी म्हटलं, ‘आता सांगा त्यांना.’

‘तू सांग. वाक्यं तुझी.’

‘बहीण तुमची.’

दोघांनीही सांगितलं नाही. तुम्ही दोनदा वाचलं होतं ना, तिथेच आमची जीभ अडली. त्यानंतर नऊ वर्षं आमच्या घरात ही चोरी राजरोस चालली. यांचा हुकूम होता, ‘साडेसातच्या वर जायचं नाही, तिला वास लागेल.’ मी नीट कागद करायची आणि हे उतरवताना त्यात दोन चुका पेरायचे. तुम्ही लाल शाईत लिहायचात, ‘ही चूक तू जन्मात सुधारणार नाहीस का रे?’ आणि मी इकडे रडकुंडीला यायची, कारण ते मला येत होतं!

माझ्या खऱ्या चुकाही होत्या. तुम्ही यायच्या होतात त्या वर्षी ‘इमिनंट’, म्हणजे येऊन ठेपलेलं, या शब्दाला मी लिहिलं, ताईचं आगमन इमिनंट आहे. तुम्ही बाजूला लिहिलंत, ‘हा शब्द बहुतेक वेळा संकटाच्या तोंडी बसतो. मी पूर आहे की युद्ध?’ हे हसून हसून खुर्चीवरून घसरले. ‘बरोबर शब्द आहे,’ म्हणाले, ‘खोडू नकोस.’

आणि हेही खरं की पुष्कळ वाक्यांमधला जीव त्यांचाच असायचा. ते मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत बसवायची. ‘माझी बायको इन्करिजिबल आहे, दूध उतू गेल्यावरच तिला गॅस आठवतो,’ हे त्यांचं; इन्करिजिबल म्हणजे कधीच न सुधारणारी. त्याला तुम्ही पूर्ण गुण दिले होतेत.

गेल्या जुलैपासून मात्र यांचा हात थरथरायला लागला. पेन धरवेना. म्हणून अक्षरही मीच काढायला लागले. आणि वाक्य घरातलं, खरं घडलेलं हवं, तर मी काय लिहिणार होते? घरात घडत होतं ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. मग मी दुसरंच घर लिहिलं. त्या घरात हे सकाळी फिरायला जातात, शेजाऱ्यांशी भांडतात, दोनदा भात मागून घेतात. ‘रोबस्ट’ला, म्हणजे धडधाकट, मी लिहिलं, माझी प्रकृती रोबस्ट आहे आणि बायको त्याला लठ्ठपणा म्हणते. तो चौदावा कागद. तो तुमच्या हाती पडला तेव्हा हे जाऊन चार दिवस झाले होते.

तुम्ही रोज ज्याच्यासोबत जेवता, ती मी आहे, वन्सं. हे तुमच्यापासून काढून घेणं जिवावर येतंय. पण तुम्ही घास घेताना माझ्या खोट्या वाक्यांकडे बघता, हे मला त्याहून सोसवत नाही.

तुमची भावजय


२१ जुलै

वन्सं,

पाकीट मिळालं. चौदाच्या चौदा कागद परत केलेत. एकाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. सोबत तुमची एकच ओळ: ‘मग तो खरं काय बोलत होता ते तरी लिही. त्याचं स्वतःचं.’

लिहिते.

दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ‘वजन फार घटलंय.’ तर हे म्हणाले, ‘आधी तुमचा काटा बघू द्या.’ आणि खरंच तो काटा दोन किलो खात होता! दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी माझ्याकडून पिशवी मागवली आणि यांनी खाटेवर बसून तो सरळ केला. मग परत वजन केलं. तरी घटलेलंच होतं. हे म्हणाले, ‘चला, निदान आता खरं घटलंय.’

तुमच्या ऑपरेशनची बातमी आली तेव्हा मला काळजी लागलेली. हे म्हणाले, ‘ताईचं हृदय बंद पडेल? तिला न विचारता?’

मी कागद लिहायला बसले की खाटेवरून विचारायचे, ‘आज मी काय काय केलं?’

‘आज तुम्ही बाजारात जाऊन आलात.’

‘काय आणलं?’

‘कलिंगड.’

‘ऐन थंडीत? ताई मूर्ख आहे का?’ मग मी खोडून संत्री लिहिली.

पार खंगून गेले होते, पण बोलणं असं. डिसेंबरात एकदा म्हणाले, ‘मी गेल्यावर तू हे शब्द कुणाला दाखवणार?’ मी म्हटलं, ‘भलतंसलतं बोलू नका.’ म्हणाले, ‘भलतं नाही, व्यवहाराचं विचारतोय.’

शेवटच्या आठवड्यात मंगळवारनंतर फारसे बोलले नाहीत. शुक्रवारी गेले, ते तुम्हाला माहीत आहे.

तुमची भावजय


२३ जुलै

वन्सं,

परवाचं पत्र पेटीत टाकल्यापासून माझ्या हातून एक काज धड होत नाही. आज एका कोटाची बटणं उलट्या बाजूला लावली. शिंपीणबाईंनी कोट हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘घरी जा, जे काय आहे ते निस्तर, मग ये.’ म्हणून भर दुपारी घरी बसून लिहितेय.

मंगळवारनंतर ते फारसे बोलले नाहीत, हे खोटं आहे. मंगळवारी सकाळी चहाचे दोन घोट घेतले आणि म्हणाले, ‘ताईला बोलाव.’

मी म्हटलं, ‘शपथ तुम्हीच घातली होती.’

‘मीच सोडवतो. बोलाव.’

तुमच्याकडून इथवर दोन दिवसांचा प्रवास. जानेवारीतच तुम्ही लिहिलं होतंत की आता बाजारात चालत जाता, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. मंगळवारी फोन केला असता तर गुरुवारी रात्रीपर्यंत तुम्ही इथे असता. ते शुक्रवारी दुपारी गेले.

मी फोन उचलला. तुमचा नंबर मला पाठ आहे. चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला.

मला वाटलं, तुम्ही दारातून आत याल, यांचा हात बघाल, आणि तिथल्या तिथे विचाराल, या हाताने कागद कुणी लिहिले? मग मागचे सगळे निघतील. नऊ वर्षांचे. लाज वाटली असती, हे तर आहेच. पण लाजेपेक्षा दुसरंच होतं. वन्सं, मला कुणी कधी शाळेत घातलं नाही. सातवीनंतर मला कुणी विचारलंच नाही, पुढे काय म्हणून. तुमची लाल शाई भावासाठी होती, पण वाचायची मी. ‘शाब्बास’ त्यांना होतं, आणि ते ऐकून शर्टाचे सात काज मी एका बैठकीत करायची. तुम्ही आलात की ती शाळा बंद पडणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. नवरा मरणाला टेकलेला आणि मी शाळेला धरून बसले. मला वाटलं होतं, अजून आठ-दहा दिवस आहेत. डॉक्टर तसं म्हणाले होते. पण ही पळवाट मला पुरत नाही.

पुढचं याहून वाईट आहे. मी खोलीत गेले आणि यांना सांगितलं, ‘केला फोन. निघतायत.’

बुधवारी यांनी विचारलं, ‘कुठवर आली?’ मी म्हटलं, ‘गाडीत बसल्या.’ संध्याकाळी परत, ‘आता कुठवर?’ मी म्हटलं, ‘मोठा पूल ओलांडला असेल.’ गुरुवारी म्हटलं, ‘गाडीला उशीर आहे.’ यांनी मान हलवली. आणि बुधवारी दुपारी मी पोस्टात जाऊन आले होते, तो चौदावा कागद टाकायला. ज्या माणसाला मी सांगत होते की ताई गाडीत आहेत, त्याच्याच अक्षरात, तब्येत उत्तम आहे असं लिहिलेला कागद.

तुम्ही मला आजार लपवल्याबद्दल टाकलंत. टाकायचं कारण हे आहे. ते तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं. माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं ओझंही तुमच्यावरच पडेल.

तुमचं उत्तर आलं नाही तर मी समजेन.


३० ऑगस्ट

वन्सं,

चार पानं! दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शेवटी जागा पुरली नाही म्हणून समासात उभं.

‘आपमतलबी, घुमी, दगडी काळजाची,’ पहिल्याच ओळीत तीन. सगळं बरोबर आहे. तिसऱ्या पानावर माझ्या आईवडिलांनाही सोडलं नाहीत. ‘माफ केलं असं समजू नकोस’ हे दोनदा लिहिलंत. समजत नाही. मी ती पानं चहाबरोबर वाचली, मग दुकानात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचली. शिंपीणबाईंनी विचारलं, ‘कुणाचं पत्र? रडतेयस की हसतेयस, काही कळत नाही.’ मी म्हटलं, ‘माझ्या नणंदेचं. मला शिव्या घातल्यात.’ हे गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, वन्सं. माझ्यावर जीव तोडून ओरडणारं माणूस उरलं नव्हतं. 

तुम्ही विचारलंय त्याची उत्तरं देते.

खाट खिडकीजवळ होती, डोकं भिंतीकडे, पाय दाराकडे. त्यांनी गुरुवारी फिरवून घेतली होती, दार दिसावं म्हणून. अंगात निळा सदरा होता, तुम्ही पाठवलेला नव्हे, दुसरा, कोपरावर ठिगळाचा. तुमचा ठेवून दिला होता, चांगला म्हणून. खोलीत मी होते, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी येऊन-जाऊन. शुद्ध शेवटपर्यंत होती, फक्त शेवटचा तासभर डोळे मिटलेले. पाणी मागितलं, मी चमच्याने दिलं, दोन चमचे गेले.

दुखत होतं का, असं विचारलंय तुम्ही. हो. बुधवारपासून फार दुखत होतं. गोळीने तास-दोन तास थांबायचं, मग परत. ओरडले नाहीत, चादर मुठीत धरायचे.

आणि समासात उभं, एवढ्या बारीक अक्षरात की मला चष्मा पुसावा लागला: ‘मी आले नाही म्हणून तो माझ्यावर चिडला का?’

नाही, वन्सं. तुम्ही येणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. गुरुवारी सकाळी मला म्हणाले, ‘न्हाव्याला बोलाव.’ मी म्हटलं, ‘आत्ता? अंगात ताकद नाही तुमच्या.’ म्हणाले, ‘आल्या आल्या ती हनुवटीला हात लावते. खुंट टोचले की बोलते, कामगारासारखा काय राहतोस म्हणून. निदान आजारीपणात तरी बोलणी नकोत.’ कोपऱ्यावरचा न्हावी घरी आला. उशी लावून बसवलं, मी मागून धरलं. न्हाव्याने साबण लावता लावता विचारलं, ‘काय मिस्त्री, कुठे लग्नाबिग्नाला?’ हे म्हणाले, ‘नाही. ताई येतेय.’ मग ओठांवरून वस्तरा जाईपर्यंत बोलायचे थांबले, आणि संपल्यावर न्हाव्याला सांगितलं, ‘हनुवटीखाली परत एकदा फिरव. तिथे ती नक्की बघते.’

त्याने दोनदा फिरवला. मी संध्याकाळी हात लावून पाहिला. कुठे काही राहिलं नव्हतं, वन्सं. तुम्हाला बोलायला जागाच मिळाली नसती.